उलटा चालणारा काउंटर

आमच्या वाइंडिंगच्या, म्हणजे जळक्या कॉइलींवर नवी तांब्याची तार भरायच्या दुकानात हाताने फिरवायचं एक मशीन होतं. त्याच्या अंगावर चार आकड्यांचा काउंटर होता. हँडल एकदा फिरवलं की आकडा एकाने पुढे जायचा, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, उस्तादांनी फिरवलं तर. मी फिरवलं की तो मागे जायचा. शून्यावरून एकदम ९९९९, मग ९९९८, मग ९९९७. मला चौदाशे वेढे घालायचे असले की मी ८६०० वर थांबायची. या वजाबाकीवरून दुकानात माझी भरपूर चेष्टा झाली आणि मीही ती मिरवली. सात वर्षं तो काउंटर मला रोज एक गोष्ट सांगत होता आणि मला ती ऐकू आली नाही. त्यापायी एका चांगल्या माणसाची नोकरी गेली. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हटल्यावर मला गमतीजमती बऱ्याच सुचल्या, पण ही गोष्ट टाळून त्या लिहिणं बरं दिसलं नसतं.

मी डावखुरी. आई लहानपणी डाव्या हातावर पळीचा दांडा मारायची, तरी तो हात काही सुधारला नाही. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला, वर्गात मी एकटी मुलगी. पुढे लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला आले आणि सर्टिफिकेट पेटीत गेलं. १९९९ साली, धाकटी शाळेत जायला लागल्यावर, मी ते पेटीतून काढलं आणि गोंदियाच्या बाजारामागच्या गल्लीत उस्तादांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. त्यांना नाव होतं, पण त्यांच्या घरचेसुद्धा त्यांना उस्तादच म्हणत. त्यांनी माझं सर्टिफिकेट पाहिलंही नाही. एक जळलेली कॉईल पुढे ठेवली आणि म्हणाले, "खोलो. टर्न गिनो."

मी तार उलगडत मोजत गेले, ते समोर बसून मनात मोजत राहिले. शेवटी मी आकडा सांगितला.

"दो कम गिने," उस्ताद म्हणाले.

"आपने दो ज्यादा गिने," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि उद्यापासून या म्हणाले. दोन कुणाचे चुकले ते आजपर्यंत ठरलेलं नाही.

मशीनवर बसल्यावर पहिल्याच दिवशी कळलं, की ते उजव्या हाताच्या माणसासाठी केलेलं आहे. हँडल उजवीकडे. मी सरळ मशीन उचलून उलट्या तोंडाने ठेवलं, म्हणजे हँडल डाव्या हाताशी आलं. उस्ताद हसले, "खब्बू का मशीन भी खब्बू." तेव्हापासून ते त्यांच्या पाळीला मशीन फिरवून घ्यायचे आणि मी माझ्या पाळीला. काउंटर उलटा चालायला लागला तो या फिरवाफिरवीमुळे.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावून सांगायचं तर असं. राईस मिलची किंवा शेतातली मोटर मोठी असते, तिची वीज बोटाखालच्या बटणातून जाऊ दिली तर बटणही जाईल आणि बोटही. म्हणून मध्ये एक स्टार्टर असतो. स्टार्टरच्या पोटात एक कॉईल, म्हणजे प्लास्टिकच्या रिळावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजार दीड हजार वेढे. बटण दाबलं की थोडीशी वीज कॉईलमध्ये जाते, कॉईलचं लोहचुंबक होतं, ते समोरची लोखंडी पट्टी 'ठक' करून ओढतं आणि त्या पट्टीवरचे जाड संपर्क मोटरला जोडतात. बटणाने कॉईलला सांगायचं आणि कॉईलने मोटरला, असा हा कारभार. रिलेही याच घरातली, फक्त अंगाने लहान. गोंदियाला राईस मिली इतक्या, की धानाच्या हंगामात आमच्या टेबलावर जळक्या कॉइलींचा ढीग लागायचा.

गिऱ्हाइकं दारात येऊन विचारायची, "मिस्त्री कुठं गेले?"

"मीच आहे."

"नाई, मोठे मिस्त्री."

सुरुवातीला मला राग यायचा. नंतर मी म्हणायची, "मोठे मिस्त्री जेवून येतपर्यंत मी कॉईल भरून ठेवतो, थे आले का तुमी त्याहिले दाखवा." उस्ताद जेवून यायचे तोवर गिऱ्हाईक कॉईल घेऊन गेलेलं असायचं.

एकदा एक शेतकरी स्टार्टर घेऊन आला. तक्रार एवढीच, की तो घुंई करून फार आवाज करतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा इकडून तिकडे, तिकडून इकडे जाते आणि वळताना दर वेळी क्षणभर शून्य होते. त्या क्षणी चुंबक सुटू नये म्हणून लोखंडाच्या तोंडात एक तांब्याची कडी बसवलेली असते, ती तेवढी वेळ मारून नेते. ती कडी तुटली की पट्टी थरथरते आणि आवाज होतो. या भाऊंनी आमच्याकडे येण्याआधी घरचा इलाज केला होता. बांबूची एक काडी पट्टीच्या वरच्या फटीत ठोकून दिली होती, म्हणजे पट्टी दाबलेलीच राहिली.

"आवाज बंद झाला," ते म्हणाले, "मंग मोटरच बंद होयेना. बटन दाबून दाबून बोट दुखलं. माही धानाची बांधी पान्यानं भरली, शेजाऱ्याची भरली, थो काठी घेऊन आला."

मी काडी काढली, नवी कडी बसवली. काडी त्यांनी परत मागून घेतली, का ते विचारायचा धीर झाला नाही.

असे दिवस चालले होते. उस्तादांचा एक नियम होता, तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. कॉईल जिथून सुरू होते त्या टोकाला लाल दोऱ्याची गाठ मारायची. "जहाँ से शुरू, वहाँ गाँठ." शेवटाचं टोक कोरं. एकटी कॉईल असली तर या गाठीला काही अर्थ नसतो. विजेची दिशाच सारखी बदलते, मग तार कुठल्याही टोकाने जोडा, चुंबक तर होणारच. पण काही जुन्या, जड स्टार्टरांत एकाच लोखंडी दांड्यावर एकावर एक अशा दोन कॉइली बसतात. त्या जोडताना एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला, म्हणजे कोरं टोक गाठीच्या टोकाला जोडायचं. गाठ तेव्हा कामाला येते. हा नियम मी कधी मोडला नाही. आजही मी शपथेवर सांगेन, की त्या दिवशीही मोडला नव्हता.

कामठा गावाच्या वाटेवर एक राईस मिल होती. तिथला ऑपरेटर हेमराज, कामठ्याचाच. अकरा वर्षं त्याने ती मिल चालवली होती. नाकाला दुपट्टा बांधून सगळ्या मशिनींवरचा कोंडा रोज ब्लोअरने उडवायचा आणि काही बिघडलं की दुसऱ्या कुणाला न पाठवता स्वतः सामान घेऊन यायचा. आमच्या स्टुलावर बसून चहा पिता पिता मशीनचं दुखणं सांगायचा. कोणता आवाज आधी आला, वास कधी सुटला, सगळं ओळीने. "मशीन बीमार पडाच्या आंधी बोलते बाई," तो म्हणायचा, "आपून आयकाव लागते." दहा मिनिटांच्या कामाला त्याच्यामुळे तासभर लागायचा म्हणून मी कंटाळायची, पण मला तो आवडायचा.

त्याच्या मिलमध्ये तो दोन कॉइलींचा जुना स्टार्टर होता. त्या कॉइली वयोमानाने गेल्या, त्यात कुणाचा दोष नव्हता. भर हंगाम, मिलसमोर धानाच्या गाड्या लागलेल्या. स्टार्टर भिंतीला पक्का ठोकलेला, म्हणून हेमराज फक्त कॉइली काढून घेऊन आला. एरवी उस्तादांनी दोन्ही भरल्या असत्या. पण त्या आठवड्यात त्यांचा उजवा खांदा धरला होता. एक कॉईल भरून ते थांबले आणि म्हणाले, "दूसरी तू भर दे." मी मशीन फिरवून घेतलं, काउंटर उलटा चालवला आणि दुसरी भरली. दोन्हींना गाठी मारल्या, नियमाने जोडल्या, मीटर लावून पाहिलं. आकडा बरोब्बर आला. हेमराज चहा अर्धा टाकून गेला.

दोन तासांत तो परत आला. पिशवीतून जळक्या वार्निशचा वास येत होता.

"बटन दाबलो तं ओढलीच नाई बाई. जागची हालली नाई. नुसती गुरगुरली आन् दोन मिनिटात धूर."

"भूसा फँसा होगा," उस्ताद म्हणाले. बोलणं अगदीच वावगं नव्हतं. मिलचा कोंडा पट्टीखाली अडकला, पट्टी पुरती बसली नाही, तर कॉईल तापून जळते. असं आम्ही कितीदा पाहिलं होतं.

"मी सोता साफ केलो," हेमराज म्हणाला.

आम्ही पुन्हा दोन कॉइली भरल्या. एक त्यांनी, एक मी. पुन्हा गाठी, पुन्हा मीटर. आमच्या दुकानात घरगुती वीज, त्या कॉइलींना मिलची जादा दाबाची लागते, म्हणून चालवून पाहायची सोय नव्हती. मीटरवरच सगळा भरवसा.

दुसऱ्या दिवशी मिलचे शेठच आले. मागे हेमराज, हातात तीच पिशवी, तोच वास. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसलेली. शेठ उस्तादांशी न बोलता माझ्याकडे वळले. "बाई, आप सच बताओ. कॉइल में कुछ कमी थी?"

"नहीं," मी म्हटलं. "मैंने खुद मीटर पर देखी. दोनों बार सही थी."

"बाई, आयकून तं घ्या," हेमराज म्हणाला. "कचऱ्यानं अडकली असती तं थोडीतरी खाली आली असती. थे ओढूनच नाई राहिली!"

"हेमराजभाऊ," मी म्हटलं, "मीटर खोटं नाई बोलत."

हे वाक्य मी चांगलं ठसक्यात म्हटलं होतं. बसलेल्या गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या, त्याचंही मला बरं वाटलं. हेमराजने पिशवी टेबलावर रिकामी केली. शेठने त्याच दिवशी नागपूरहून नवा स्टार्टर मागवला आणि मिलच्या आवारात सगळ्या हमालांसमोर हेमराजला सांगितलं, की साफसफाई जमत नसेल तर घरी बस. नवा ऑपरेटर, नवा स्टार्टर, मिल सुरळीत चालू झाली. हेमराजचाच दोष होता, याचा आता पुरावाही मिळाला. कॉइली जाळणारा म्हणून त्याचं नाव झालं. बाकीच्या मिलवाल्यांनीही त्याला घेतलं नाही. त्या हंगामात तो दुसऱ्यांच्या बांध्यांत धान कापायला जात होता. एकदा बाजारात मला दिसला. मी हाक मारली, त्याने मान हलवली आणि पुढे गेला. मला वाटलं, चूक याची आणि राग आमच्यावर.

यानंतर महिना सव्वा महिना गेला असेल. दरेकस्याचे एक गुरुजी आले. तिकडे जंगलात विजेचा दाब फार कमी. ट्यूब लागत नाही, पंखा फिरतो पण वारा लागत नाही. कमी दाब वाढवून देणारा एक जुना स्टॅबिलायझर त्यांनी आमच्याकडे दिला होता. त्यातली मूळची कॉईल उस्तादांनी पूर्वी कधीतरी भरलेली. तिच्यावर दाबाची भर घालणारी आणखी एक छोटी कॉईल असते, ती जळली होती. ती मी भरली, गाठ पाहून जोडली आणि गुरुजींना देऊन टाकली. गाडी धरायची म्हणून ते घाईत होते. आठ दिवसांनी ते तो पिशवीत घालून परत आले.

"मॅडम," ते अगदी शांतपणे म्हणाले, "घरी एकशे साठ व्होल्ट येते. तुमचं यंत्र त्याचे एकशे चाळीस करून राहिलं. हे लावाच्या आधी पंखा तरी फिरत होता."

उस्ताद बाहेर गेले होते. मी झाकण उघडलं, त्या छोट्या कॉईलच्या दोन तारांची अदलाबदल केली, चालू केलं. दाब वाढला. मी यंत्र पुढे सरकवलं.

"आता झालं. पन असं काऊन झालं होतं?" गुरुजींनी विचारलं.

"होते कधी कधी."

"होते कधी कधी, असं उत्तर लिहिणाऱ्या पोराले मी मार्क नाई देत," असं म्हणून गुरुजी गाडी धरायला गेले.

मला उगीचच झोंबलं. गाठ बरोबर होती, जोडणी नियमाची होती, मग कमी का झालं? उस्तादांची कॉईल आणि माझी कॉईल. मी मशीनकडे पाहिलं. ते माझ्या बाजूने तोंड करून ठेवलं होतं. सहज हँडल एकदा फिरवलं, काउंटर ९९९९ वर आला. आणि तो काय सांगतो आहे ते मला ऐकू आलं.

गाठ कॉईल कुठून सुरू होते ते सांगते. ती कोणत्या दिशेने फिरत जाते ते सांगत नाही. मशीन उलटं ठेवल्यामुळे उस्तादांचे वेढे ज्या बाजूने जात, त्याच्या उलट्या बाजूने माझे जात होते. सात वर्षं माझी प्रत्येक कॉईल उलटी होती आणि एकटीदुकटी कॉईल असल्यामुळे कुठेच काही बिघडलं नव्हतं. दोन्ही उस्तादांनी भरल्या तर त्या एका दिशेच्या, दोन्ही मी भरल्या तरी एका दिशेच्या. एक त्यांची आणि एक माझी एकत्र आली, की गाडीला एक बैल पुढे तोंड करून आणि एक मागे तोंड करून जुंपल्यासारखं. दोन्हींची ओढ एकमेकींना खाऊन टाकते, पट्टी जागची हलत नाही. शिवाय आपल्या या विजेत कॉईलचं चुंबकच तिच्यातून जाणाऱ्या विजेला आवरून धरतं. चुंबकच उरलं नाही तर वीज मोकाट सुटते आणि तार दोन मिनिटांत जळते. मीटरला यातलं काही कळत नाही. ते तारेची लांबी मोजल्यासारखं मोजतं, तार कुणीकडे वळली ते त्याला दिसत नाही.

मोडीच्या तांब्याचं खोकं उपसून मी हेमराजच्या जळक्या कॉइली शोधल्या. काळ्या पडल्या होत्या, पण वेढे दिसत होते. दोन्ही शेजारी धरल्या. एकीचे उजवीकडे, एकीचे डावीकडे.

ओढूनच नाही राहिली, असं तो म्हणाला होता. त्याने दुखणं अचूक सांगितलं होतं, दोनदा. मी मीटर दाखवून त्याला गप्प केलं होतं.

उस्ताद आल्यावर मी दोन्ही कॉइली त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या. मग म्हणाले, "अब बोल के क्या होगा? नया स्टार्टर चल रहा है. दुकान का नाम खराब होगा."

"हेमराजभाऊ का हो गया ना," मी म्हटलं.

त्यांनी कॉइली टेबलावर ठेवल्या. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. मुर्रीच्या विहारात सकाळी वंदना असते, आम्ही सगळ्या पंचशील म्हणतो. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे चौथं शील माझ्या तोंडून लहानपणापासून बिनअडथळा येत आलं आहे. त्या दिवशी मी तिथेच थांबले. शेठला मी जे सांगितलं ते तेव्हा मला खरं वाटत होतं, म्हणून ते खोटं नव्हतं. पण आता माहीत असून गप्प बसले, तर ते आजपासून खोटं होणार होतं. शेजारच्या बाईने कोपर मारून विचारलं, "काऊन वं, बरं नाई वाटत का?" मी डोळे पुसले आणि सांगितलं की उदबत्तीचा धूर गेला.

दुकानात गेले तर उस्तादांनी शटर अर्धं ओढून ठेवलं होतं आणि स्कूटरवर बसले होते. मांडीवर डबा, डब्यात एक भरलेली कॉईल आणि एक रिकामं रीळ. "एक मैंने भरी, एक तू भर. जैसी उस दिन थी," ते म्हणाले. त्यांचा खांदा अजून पुरता बरा नव्हता. मी माझी भरली, काउंटर उलटा चालत असताना या खेपेला मी त्याच्याकडे बघत होते. वाटेत, गाडी चालवता चालवता, मागे न पाहता उस्ताद बोलले, "गाँठ मैंने सिखाई. दिशा नहीं सिखाई. आधी गलती मेरी लिख, आधी तेरी."

हेमराज अंगणात विळ्याला धार लावत होता. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं आणि दाराशीच उभी राहिली. मी कॉइली त्याच्यापुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्याने कॉइली उचलून डोळ्यांजवळ नेल्या, बोटाने वेढ्यांची दिशा चाचपली.

"मी सांगतलो होतो," तो म्हणाला.

"हो."

"दोनदा सांगतलो होतो."

"हो भाऊ."

"मंग आता मले कायले सांगून राहिल्या? मले तं माईतच होतं का मी साफ केलो. ज्याहिले माईत नाई, त्याहिले सांगा."

आम्ही तिघं मिलवर गेलो. शेठ आधी वैतागले. मी जुना स्टार्टर मागितला, तो गोदामात पोत्यांमागे पडला होता. हमालांनी तो आवारात आणून ठेवला आणि बघायला तिथेच थांबले. हेमराजने त्याला वायर जोडली. मी दोन्ही कॉइली बसवल्या, आमच्या नियमाप्रमाणे, कोरं टोक गाठीला.

"देखिए," मी शेठना म्हटलं, "यह बिलकुल साफ है." हेमराजने बटण दाबलं. पट्टी जागची हलली नाही. नुसती गुरगुर झाली आणि वास सुटायला लागला, तसं त्याने लगेच बंद केलं. मग मी माझ्या कॉईलची दोन टोकं अदलून जोडली, पोत्यांवर खुणा करायच्या लाल रंगाने तिच्यावर वेढ्यांच्या दिशेचा बाण काढला आणि मागे सरकले.

"आता तुमी दाबा," हेमराज मला म्हणाला.

मी डाव्या हाताने बटण दाबलं. ठक! आवारात सगळ्यांना ऐकू गेलं. हेमराजने पेटीवर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"ओढली," तो म्हणाला.

मी शेठना सांगितलं, की त्या दिवशी दुकानात मी जे म्हटलं ते चुकीचं होतं, कॉईल आमचीच चुकली होती, हेमराजभाऊ सुरुवातीपासून खरं सांगत होते. हे मी हिंदीत सांगितलं आणि मग हमालांकडे वळून आपल्या बोलीतही सांगितलं. शेठ हेमराजकडे वळले आणि म्हणाले, "ठीक है हेमराज. सोमवार से आ जा."

"सोमवारपासून कायले?" हेमराज बाह्या सारत म्हणाला. "हे पेटी आता भितीले कोन लावन?"

हमाल हसले. शेठही हसले आणि ती जुनी पेटी दुसऱ्या मोटरला लावा म्हणाले. माझं हसू मात्र टिकलं नाही, कारण निघताना मी त्याची माफी मागितली तेव्हा तो पाना फिरवतच म्हणाला, "हाताची गलती होते बाई, थे चालते. माह्या हातानं बी झाली असती. पन तुमी माह्यं आयकल्या नाई." आणि मागे न वळता काम करत राहिला.

दुकानात आम्ही नियम वाढवला. गाठीच्या शेजारी, वेढे कुणीकडे गेले त्याचा बाण, लाल रंगाने. उस्ताद त्याला माझ्या नावाने 'बाई का तीर' म्हणायचे. गिऱ्हाईक आलं, की मी आधी मीटर टेबलाच्या खणात ठेवायची आणि म्हणायची, काय झालं ते सांगा. काही जण फार सांगायचे. एकाने तर सासऱ्यापासून सुरुवात केली होती. पण मी ऐकून घ्यायची.

हेमराजच्या मिलचं काम येत राहिलं. कॉईल यायची कधी हमालाच्या हाती, कधी ट्रॅक्टरवाल्याच्या हाती. सोबत कागदावर हेमराजच्या अक्षरात सगळं दुखणं लिहिलेलं असायचं, आवाज, वास, वेळ, ओळीने. तो स्वतः मात्र कधी आला नाही. त्याचं स्टूल आम्ही हलवलं नाही. वर्षामागून वर्षं गेली.

मग सीलबंद, स्वस्त स्टार्टर आले. जळला की फेका आणि नवा लावा, भरायला कुणी आणेना. उस्ताद थकले, माझ्या डोळ्यांना केसासारखी तार दिसेनाशी झाली. एका मार्चअखेर आम्ही दुकान बंद करायचं ठरवलं आणि तसं गिऱ्हाइकांना कळवलं. मशीन उस्तादांनी मला देऊन टाकलं, ते आता माझ्याकडे मुर्रीला आहे, काउंटर अजून उलटाच चालतो.

शेवटच्या दिवशी दुपारी मी खणातलं सामान खोक्यात भरत होते. दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं. हेमराज. केस पिकले होते, गळ्यात तोच दुपट्टा, हातात पिशवी. तो येऊन सरळ स्टुलावर बसला. खोक्यात वरच मीटर होतं, ते मी सवयीने बाजूला सारलं.

"सांगा भाऊ," मी म्हटलं. "काय झालं?"

त्याने पिशवीतून जुन्या स्टार्टरमधली ती माझी कॉईल काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर माझा लाल बाण होता, थोडा पुसटलेला. मी ती उचलून उजेडात धरली. कुठे काळी नाही, कुठे वास नाही.

"हिले काय झालं? चांगली तं आहे."

"काईच नाई झालं," हेमराज म्हणाला. "ओढून राहिली बाई, अजून ओढून राहिली. त्या दिवशी माहा चहा अर्धा राहिला होता."